मोहोर आणि साल : फळझाडे ओळखण्याचा एक धडा

झाडाला आंबे लटकलेले असताना ‘हा आंबा’ असे सांगायला विज्ञान लागत नाही. पण फळ उतरले, हंगाम संपला की तेच झाड किती जणांना ओळखता येते? आंब्याच्या झाडावर फळ वर्षातून तीन-चार महिने दिसते. जांभळाचे फळ तर महिनाभरातच संपते. उरलेला काळ झाड फळाशिवाय उभे असते आणि त्या काळात आपली परीक्षा असते.

ही परीक्षा वाटते तितकी सोपी नाही आणि बिनमहत्त्वाचीही नाही. रस्ता रुंद करताना तोडायच्या झाडांची यादी होते. त्या यादीत एखाद्या जुन्या झाडासमोर नुसते ‘जंगली झाड’ असे लिहिले गेले तर त्याच्या बाजूने कोण बोलणार? महाराष्ट्रात १९६४ साली झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह ही झाडे नावानिशी दिलेली आहेत. म्हणजे कायद्याचे संरक्षणसुद्धा झाडाच्या नावाला चिकटलेले असते. ज्याला नाव सांगता येते, त्यालाच ते मागता येते.

माघापासून वैशाखापर्यंतचा काळ झाडे ओळखायला सर्वांत सोयीचा. या दिवसांत आपली बहुतेक फळझाडे फुलतात. आज आपण दोन खुणांच्या आधारे तेरा झाडांची ओळख करून घेऊ. एक खूण चार दिवसांची, ती म्हणजे फूल. दुसरी बारा महिन्यांची, ती म्हणजे साल.

फुलावर एवढा भरवसा का?

पान पाहून झाड ओळखण्याची आपल्याला सवय असते. पण पान फसवते. एकाच झाडाची कोवळी आणि जून पाने निराळी दिसतात. सावलीतले पान मोठे, उन्हातले लहान. फुलाचे तसे नसते. पाकळ्या किती, केसर किती, किंजपुट कोठे, ही रचना फारशी बदलत नाही. स्वीडनच्या लिनीअस या शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये वनस्पतींचे वर्ग पाडले, ते मुख्यतः फुलातील केसरदलांची संख्या मोजून. पुढे वर्गीकरणाच्या पद्धती सुधारल्या, पण फूल हा ओळखीचा मुख्य आधार राहिला. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही झाडाचे नाव शोधायचे ते प्रामुख्याने फूल उघडून पाहूनच.

फूल हाती घेतले की बाहेरून आत जा. सर्वांत बाहेर हिरवट संदले, त्यांच्या आत प्रदले म्हणजे पाकळ्या, मग केसरदले आणि मधोमध किंजपुट. किंजपुटाचेच पुढे फळ होते. एक गोष्ट आवर्जून पाहा : किंजपुट पाकळ्यांच्या वर आहे की खाली? पेरूच्या टोकाला वाळक्या संदलांचा जो मुकुट असतो, तो कशाची खूण आहे हे यावरून कळेल. पेरूच्या फुलात किंजपुट खाली आणि संदले त्याच्या माथ्यावर असतात. त्यामुळे फळ झाल्यावरही ती माथ्यावर राहतात. आंब्याच्या फुलात किंजपुट वर असते, म्हणून आंब्याच्या टोकाला मुकुट नसतो. फळाकडे पाहून फुलाची रचना सांगता येते, ती अशी.

साल कशी वाचावी?

खोड दरवर्षी आतून जाड होते. बाहेरची साल मात्र मेलेल्या पेशींची असते. तिला ताणता येत नाही, मग ती तडकते. सालीच्या आत त्वक्षाकर नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो बाहेरच्या बाजूला बुचासारख्या पेशी तयार करतो. हा थर प्रत्येक जातीत आपल्या पद्धतीने बनतो. कोठे उभ्या लांब पट्ट्या पडतात, कोठे लहान चौकटी पडतात, कोठे पातळ पापुद्रे सुटतात. म्हणूनच साल ही झाडाची सही आहे असे म्हणता येते.

साल पाहताना पुढील क्रम ठेवा :

१. वाढलेल्या झाडाची साल डोळ्यांच्या उंचीवर पाहा. कोवळ्या झाडांची साल बहुधा गुळगुळीतच असते, तिच्यावरून निर्णय करू नका.

२. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे असतात. त्यांच्या वरचा भाग पाहा. दगडफुलाचे पांढरट-हिरवे डाग हा सालीचा रंग नव्हे. ओली साल नेहमीपेक्षा काळी दिसते, हेही ध्यानात ठेवा.

३. भेगा उभ्या आहेत, आडव्या आहेत की चौकटीच्या? बोटाने चाचपून पाहा.

४. सालीवर बारीक उंचवटे किंवा ठिपके दिसतात का? ती वल्करंध्रे. त्यांतून खोडाला हवा मिळते.

५. डहाळी किंवा पानाचा देठ मोडल्यावर चीक येतो का, आणि कोणत्या रंगाचा?

चीक पाहण्यासाठी एक पानाचा देठ पुरतो. खोडावर कोयता मारू नका, चाकूने नाव तर मुळीच कोरू नका. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. खोडाभोवती साल पूर्ण वर्तुळात काढली तर ही वाट बंद होते, मुळे उपाशी राहतात आणि मोठे झाडसुद्धा हळूहळू वाळून मरते.

आता एकेका झाडाकडे वळू. एका कुळातील झाडे शेजारी शेजारी घेतली की फरक लवकर ध्यानात येतात.

आंबा, काजू आणि चार

ही तिन्ही आम्र कुलातील. तिघांनाही फांद्यांच्या टोकांकडे शाखायुक्त फुलोरा येतो आणि फुले बारीक असतात.

आंब्याचा मोहोर कोणाला माहीत नाही? त्याच्या वासावरून आपल्याकडे तांदळाच्या एका जातीला ‘आंबेमोहोर’ हे नाव पडले. पण मोहोरातले एक फूल भिंगाखाली कितीजणांनी पाहिले आहे? पाच पिवळट पाकळ्या, त्यांवर नारिंगी-तांबूस रेषा. केसरदले पाच, पण त्यांपैकी बहुधा एकच धडधाकट असते. बाकीची खुरटी आणि वंध्य. एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. त्यांतील काही नुसती नर, तर काही द्विलिंगी असतात. फळ धरते ते द्विलिंगी फुलातच. त्यातलीही बहुतेक गळतात आणि तुऱ्याला दोन-चार कैऱ्या टिकल्या तरी पुष्कळ. परागण मुख्यतः माश्यांकडून होते. मोहोराच्या दिवसांत आभाळ आले की बागाईतदार चिंतेत का पडतो, ते आता कळेल. दमट हवेत भुरी रोग बळावतो, तुडतुडे मोहोरातला रस शोषतात आणि वर्षाचे पीक त्या काही दिवसांत ठरते.

आंब्याची साल जाड, काळसर करडी आणि उभ्या भेगांची. पान लांबट, टोकदार. कोवळे पान चुरगळले की कैरीचा वास येतो.

काजूचा फुलोरा दुरून मोहोरासारखा वाटतो, पण जवळ गेलात की फसणार नाही. काजूचे फूल उमलताना पांढरट असते आणि नंतर गुलाबी-लाल होते, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन्ही रंग दिसतात. एक केसरदल इतरांपेक्षा चांगले लांब असते. पानाचे टोक गोल, पान देठाकडे निमुळते. झाड बुटके, पसरट, फांद्या जमिनीलगत वाकलेल्या. हे झाड मूळचे ब्राझीलकडचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले. ज्याला आपण काजूचे बोंड म्हणतो तो फुलाचा फुगलेला देठ असतो. खरे फळ म्हणजे त्याखाली लटकणारी बी.

चार हे झाड विदर्भाच्या आणि सह्याद्रीच्या रानांत भेटते. चारोळी मिळते ती याच्या फळातील बियांतून. फुले हिरवट पांढरी, बारीक, केसरदले दहा. याची खरी ओळख साल. काळपट साल लहान लहान चौकटींत फुटलेली असते, जणू मगरीची पाठ. पण सावध राहा. ऐनाची आणि टेंभुर्णीची सालही अशीच चौकटींची असते. नुसत्या सालीवर निकाल दिला तर येथे हमखास चूक होते. माघ-फाल्गुनात झाडावर हिरवट पांढरे तुरे असतील तर मात्र ‘चार’ म्हणायला आधार मिळतो. एक खूण संशय निर्माण करते, दुसरी तो मिटवते. म्हणून दोन्ही पाहायच्या.

याच कुलात बिब्बा येतो आणि त्याच्याबद्दल इशारा देणे आवश्यक आहे. बिब्ब्याच्या फळातील काळा रस कातडीला लागला तर फोड येतात. पूर्वी परीट याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. त्याची पाने मोठी, टोकाला गोलसर आणि खालून राखट असतात. काजूच्या पानाशी ती ओझरती जुळतात. रानात अनोळखी झाडाचा चीक हाताला लावू नका, तो डोळ्यांजवळ नेऊ नका. लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि मोठ्यांना सांगा. काजूच्या टरफलातले तेलही असेच दाहक असते.

जांभूळ आणि पेरू

एक रानचा उंच वृक्ष, दुसरे परसातले लहान झाड, पण दोन्ही जंबुल कुलातील. पाने समोरासमोर, फुलात असंख्य केसरदले आणि किंजपुट पाकळ्यांच्या खाली, ही समान लक्षणे पाहा.

जांभूळ फाल्गुन-चैत्रापासून फुलू लागते. फुले शेंड्याला शोधू नका. ती बहुधा पानांच्या खालच्या बाजूला, जेथली जुनी पाने गळून गेली आहेत अशा डहाळीवर, दाट घोसांनी येतात. फूल मळकट पांढरे आणि सुवासिक. त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून टोपीसारख्या होतात आणि फूल उमलताना ती टोपी अखंड गळून पडते. झाडाखाली वाकून पाहा, टोप्यांचा आणि केसरांचा सडा दिसेल. त्यात मधमाश्यांचा गुंजारव ऐकू आला नाही तर नवल. खोडाच्या तळाची साल खडबडीत आणि ढलप्यांची, वरच्या फांद्यांची मात्र फिकट आणि गुळगुळीत. एकाच झाडावर अशा दोन साली असणे हीदेखील एक खूण आहे.

पेरूचे खोड लांबूनही ओळखू येते. गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, आणि पातळ पापुद्रे सुटले की खालून हिरवट चकचकीत अंग दिसते. कोवळी डहाळी बोटांत फिरवा, ती गोल नसून चौकोनी लागेल. फुले पांढरी, पानांच्या बगलेत एकेकटी किंवा दोन-तीनच्या गटाने येतात.

पेरू वर्षातून एकदाच फुलतो असे नाही. शेतकरी त्याचे तीन बहार सांगतात. आंब्याला मोहोर असतो त्या सुमारास येणारा तो आंबे बहार, मृग नक्षत्राच्या पावसावर येणारा मृग बहार आणि पाऊस संपताना येणारा हस्त बहार. हवा तो बहार धरण्यासाठी बागेचे पाणी काही दिवस तोडतात, याला ताण देणे म्हणतात. ताणानंतर पाणी दिले की झाडे एकदम फुलतात. संत्रे आणि डाळिंब यांच्या बागांतही हीच युक्ती वापरतात.

बेल आणि कवठ

या दोन झाडांत नेहमी घोटाळा होतो. दोन्ही काटेरी, दोन्हींचे फळ गोल आणि टणक कवचाचे. दोन्ही लिंबाच्या कुलातील आहेत. पान उन्हासमोर धरा, सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या पानातही त्या असतात.

फरक असा. बेलाचे पान तीन दलांचे. कवठाचे पान पाच ते सात दलांचे, मधल्या दांड्याला अरुंद पंख असलेले आणि चुरगळल्यावर बडीशेपेसारखा वास देणारे. बेलाचे फूल हिरवट पांढरे, गोड वासाचे, पुष्कळ केसरदलांचे. कवठाचे फूल लहान, मळकट तांबूस झाक असलेले, केसरदले दहा-बारा. बेलाची साल फिकट करडी, बुचासारखी मऊ. कवठाची गडद, खरबरीत, भेगाळलेली, तिच्यातून डिंकही येतो.

बेल फुलतो तो चैत्र-वैशाखाच्या सुमारास आणि त्याचे फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते. त्यामुळे नवे फूल आणि गेल्या वर्षीचे फळ एकाच झाडावर सापडते.

फणस : खोडावर फुलणारे झाड

फणसाचे फूल कोणी पाहिले आहे का, असे वर्गात विचारा. फारच थोडे हात वर होतील. कारण ते फुलासारखे दिसतच नाही. फणसाला नर आणि मादी असे दोन वेगळे फुलोरे एकाच झाडावर येतात. नर फुलोरे बारीक फांद्यांवर, बोटाएवढे, हिरवट. त्यांवर पिवळी परागधूळ दिसते. नंतर ते काळे पडतात, त्यांवर बुरशी येते आणि ते गळतात. हे पाहून ‘कोवळे फणस गळताहेत’ म्हणून पुष्कळ जण हळहळतात. हळहळण्याचे कारण नाही, त्यांचे काम झालेले असते. मादी फुलोरे खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात, कारण एवढ्या वजनाचे फळ बारीक फांदीला पेलवले नसते.

एक फणस म्हणजे एक फळ नव्हे. तो शेकडो फुलांचा मेळावा आहे. बाहेरचा प्रत्येक काटा एकेका फुलाची जागा दाखवतो. ज्या फुलात बी धरले त्याचा गरा झाला. ज्यात धरले नाही त्याची गऱ्यांमधली चिवट पट्टी झाली. पुढच्या वेळी फणस फोडताना गरे आणि पट्ट्या यांच्याकडे या नजरेने पाहा.

सालीवर जुन्या फळांच्या जागी गाठी आणि उंचवटे असतात. पान मोडले की पांढरा चिकट चीक येतो. डहाळीवर प्रत्येक पानापाशी अंगठीसारखा वण दिसतो. वड-पिंपळाच्या डहाळीवरही असे वण असतात, कारण ही सारी एकाच वट कुलातील भावंडे आहेत.

कोकम : नर झाडाचा न्याय

कोकमाचे झाड शंकूसारखे उंच, फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी लाल. साल गडद, चीक पिवळसर. पाने समोरासमोर.

या झाडात नर आणि मादी बहुधा वेगवेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. आणि हे कळते ते झाड पहिल्यांदा फुलल्यावर, म्हणजे लावणीनंतर पाच-सात वर्षांनी. इतकी वर्षे पाणी घालून फळ न देणारे झाड कोणालाही टाकाऊ वाटते. मग त्यावर कुऱ्हाड पडते. पण परागकण देणारे झाडच आसपास उरले नाही तर मादी झाडांच्या फळधारणेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून फुले पाहा. नर फुले घोसाने आणि पुष्कळ केसरदलांची असतात. मादी फुलात मधोमध गोल किंजपुट ठळक दिसते. ज्या झाडाला आपण ‘वांझ’ म्हणतो त्याचे बागेतले काम काय, ते फूल सांगते. मादी झाडच हवे असेल तर मादी झाडाच्या काडीचे कलम करणे हा उपाय आहे.

मोह, चिकू, आवळा आणि सीताफळ

मोह फाल्गुन-चैत्रात पाने गाळतो आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळे येतात आणि पहाटे फिकट पिवळसर, गरदार, गोड पाकळ्यांचा सडा पडतो. गोंडवनातील कुटुंबे पहाटेच टोपल्या घेऊन तो वेचतात. यात निसर्गाची एक उत्तम व्यवस्था आहे : गळून पडतो तो पाकळ्यांचा गरदार पेला. किंजपुट झाडावरच राहते. त्यामुळे फुले वेचली तरी फळ कमी होत नाही आणि पुढे बियांपासून तेलही मिळते. साल काळपट, भेगांची. डहाळी मोडली की पांढरा चीक.

चिकू मोहाच्याच कुलातील. त्यालाही पांढरा चीक असतो. मध्य अमेरिकेत याच चिकापासून चघळण्याचा गोंद करीत. पण चिकू सदैव हिरवा असतो आणि त्याची लहान पांढरट फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. बाहेरून संदले तपकिरी लोमश असतात.

आवळ्याची साल पातळ, करडी. तिचे अनियमित तुकडे सुटतात आणि खाली गुलाबी-पिवळसर ठिगळे दिसतात. ज्याला तुम्ही पिसासारखे संयुक्त पान समजता ती खरे म्हणजे बारीक डहाळी असते आणि तिच्यावर साधी पाने दोन ओळींत असतात. पुरावा हवा? त्या ‘पानावर’ फुले शोधा. फुले पानाच्या दलावर येत नाहीत, डहाळीवर येतात. वसंतात येथे हिरवट पिवळी, मोहरीएवढी फुले रांगेने दिसतील. नर पुष्कळ, मादी थोडी. फळ धरते वसंतात, पण उन्हाळाभर ते जणू झोपी जाते. पावसाळ्यात वाढीला लागते आणि थंडीत आपल्या हाती येते.

सीताफळाचे फूल लोंबते. तीन जाड, हिरवट पिवळ्या पाकळ्या सहसा पूर्ण उघडत नाहीत. त्यात आधी स्त्रीभाग तयार होतो आणि परागकण नंतर सुटतात, म्हणून फुलाला स्वतःचे पराग सहसा उपयोगी पडत नाहीत. लहान भुंगेरे पराग नेतात. पान हलकेच काढून पाहा, पुढची कळी देठाच्या पोकळ तळाखाली लपलेली सापडेल.

वसंतात न फुलणारी झाडेही असतात, हे विसरू नका. चिंच उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर फुलते. बोर पावसाळ्यानंतर फुलते आणि संक्रांतीला फळ देते.

ओळखीची किल्ली

प्रत्येक पायरीला जुळणारे वर्णन निवडा आणि दिलेल्या क्रमांकाकडे जा. ही किल्ली वर दिलेल्या तेरा झाडांपुरतीच आहे.

१. देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो … २ पाहा
 पिवळसर चीक येतो, पालवी लाल … कोकम
 पांढरा किंवा पिवळा चीक नाही … ३ पाहा

२. फुलोरे खोडावर व जाड फांद्यांवर, डहाळीवर अंगठीसारखे वण … फणस
 फुले फांद्यांच्या टोकांना घोसाने, झाड बहुधा निष्पर्ण … मोह
 फुले पानांच्या बगलेत एकेकटी, झाड हिरवेगार … चिकू

३. फांद्यांवर काटे आहेत … ४ पाहा
 काटे नाहीत … ५ पाहा

४. पान तीन दलांचे, फूल हिरवट पांढरे … बेल
 पान पाच ते सात दलांचे, फूल मळकट तांबूस … कवठ

५. पाने समोरासमोर … ६ पाहा
 पाने एकाआड एक … ७ पाहा

६. साल गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. फुले एक ते तीन … पेरू
 खोडाची साल खाली खडबडीत. फुले दाट घोसांत … जांभूळ

७. फांद्यांच्या टोकांकडे शाखायुक्त तुरे … ८ पाहा
 फुले तशी नाहीत … ९ पाहा

८. साल चौकटींची, फुले हिरवट पांढरी, केसरदले दहा … चार
 पान टोकदार, कैरीचा वास … आंबा
 पानाचे टोक गोल, फुलांत पांढरा व गुलाबी रंग … काजू

९. फूल लोंबते, तीन जाड पाकळ्या … सीताफळ
 फुले अगदी बारीक, पिसासारख्या डहाळीवर रांगेने … आवळा

आता तुमचे काम

शाळेच्या किंवा घराच्या आसपासची पाच फळझाडे निवडा. प्रत्येकाला क्रमांक द्या. वहीत एका झाडाला एक पान ठेवा आणि पुढील गोष्टी लिहा : जागा, छातीच्या उंचीवर दोरीने मोजलेला खोडाचा घेर, सालीचे वर्णन, पहिली कळी, पहिले फूल आणि पहिले फळ दिसल्याची तारीख. सालीचा ठसाही घेता येतो. सालीवर पातळ कागद धरून त्यावरून मेणखडू किंवा मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवा, भेगांची नक्षी कागदावर उतरेल. झाडाला कोणतीही इजा होत नाही.

जुना रायवळ आंबा भेटला तर त्याची नोंद विशेष काळजीने करा. हापूसचे प्रत्येक कलम दुसऱ्या हापूससारखेच असते, कारण ते एकाच झाडाच्या काडीची पुढची वाढ असते. रायवळ आंबा कोयीपासून उगवलेला, म्हणून प्रत्येक झाड स्वतंत्र. चव, रस, मोहोराची वेळ साऱ्यांची निराळी. असे एक झाड तुटले आणि त्याचे कलम कोणी करून ठेवलेले नसेल तर तो आंबा पुन्हा मिळत नाही. त्याच्या कोयीतून उगवलेले झाडही हुबेहूब तसे असेल याची खात्री नसते.

तारखांचे महत्त्वही सांगतो. जपानमधील क्योतो शहरात चेरी केव्हा फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. पूर्वीच्या लोकांनी त्या रोजनिशीत सहज लिहिल्या होत्या. आज हवामान कसे बदलत गेले हे अभ्यासायला शास्त्रज्ञांना त्याच उपयोगी पडतात. आपल्याकडे ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुलेही ठरावीक झाडे दर आठवड्याला पाहून पालवी, फूल आणि फळ यांची नोंद करतात. तुमच्या वहीतली तारीख आज साधी वाटेल. दहा वर्षांनी तुमच्याच शाळेतली मुले ती आपल्या तारखेशी ताडून पाहतील.

शिक्षकांसाठी : वर्गाचे पाच गट करून प्रत्येक गटाला एक झाड द्यावे आणि वही पुढच्या वर्षी खालच्या वर्गाकडे सोपवावी. किल्ली पाठ करून घेऊ नये. मुलांनी आपल्या परिसरातील आठ-दहा झाडांची नवी किल्ली स्वतः तयार करावी, यातच खरा अभ्यास आहे.

स्वाध्याय

१. डाळिंबाच्या टोकाला मुकुट असतो. त्याच्या फुलातील किंजपुटाविषयी यावरून काय सांगाल? फूल उघडून पडताळा पाहा.

२. आंब्याच्या एका तुऱ्याला खूण करा. त्यावरची फळे दर आठवड्याला मोजा आणि आलेख काढा. सर्वांत जास्त गळ कोणत्या आठवड्यात झाली?

३. एका फणसातील गरे आणि पट्ट्या मोजा. शंभर फुलांपैकी साधारण किती फुलांत बी धरले होते, ते काढा.

४. तुमच्या परिसरात चौकटीच्या सालीची किती झाडे आहेत? ती सर्व एकाच जातीची आहेत का? फुलांवरून ठरवा.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा : गावातल्या कोणत्या आंब्याला स्वतःचे नाव आहे? ते झाड आज उभे आहे का? असेल तर या आठवड्यातच त्याचे पान वहीत उघडा.